चीता, मी-17 आणि विरळ हवा: कारगिल-सियाचीनमधल्या हेलिकॉप्टरांचा हिशेब

नारायणपेठी
घोरपडीच्या युद्धस्मारकात गेलं की गप्पांची गाडी हमखास कारगिलवर येते आणि दोन प्रश्नांपाशी अडते. पहिला: 13 टनांचं मी-17 सियाचीनच्या सगळ्यात वरच्या चौक्यांवर जात नाही, पण जेमतेम दोन टनांचं, 1970च्या दशकातल्या बनावटीचं चीता जातं. असं का? दुसरा: 28 मे 1999 ला द्रासजवळच्या तोलोलिंग डोंगरापाशी मी-17 पडल्यावर सशस्त्र हेलिकॉप्टरं हल्ल्यातून मागे का घेतली?
'आपले वैमानिक शूर होते' हे उत्तर मान्यच आहे, ते पुन्हा नको. आकडे द्या.

लोहगाव_धावपट्टी
आधी हवेचं बघू, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. हेलिकॉप्टरला समुद्रसपाटीपासूनची उंची कळत नाही, हवेची घनता कळते. आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. लोहगाव 1942 फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान (विमानशास्त्राने त्या उंचीसाठी गृहीत धरलेलं) साधारण 11 अंश. मे महिन्यात दुपारी 40 झालं की फरक 29 अंशांचा. दर अंशाला 120 फूट या ठोकताळ्याने जवळपास 3500 फूट वाढले. म्हणजे पुण्यात उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरला आपण 5400 फुटांवर, सिंहगडाच्याही वर हजारेक फूट आहोत असं वाटतं.
आता तोच हिशेब द्रासला लावा. तोलोलिंगचा माथा सुमारे 15000 फूट, तिथलं प्रमाण तापमान उणे 15. जूनच्या दुपारी 10 अंश धरा. फरक 25, म्हणजे आणखी 3000 फूट. हेलिकॉप्टरच्या लेखी माथा 18000 वर गेला. 18000 ला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा आणि घनता 57 टक्के. 20000 ला घनता 53 टक्के.
म्हणूनच तिकडची कामं पहाटे उरकतात. ऊन चढलं की वाराही चढतो आणि घनताही उतरते, दोन्ही बाजूंनी मार.

पाती_मोजणारा
आता इंजिनाकडे. चीता म्हणजे फ्रेंच लामा, एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्स) बनवलेलं. त्यात आर्टूस्ट 3बी हे एकच इंजिन. त्याची मूळ क्षमता 870 अश्वशक्ती, पण ते 550 लाच बांधून ठेवलेलं आहे. यातच सगळी गंमत आहे. खाली सपाटीवर 320 अश्वशक्ती पडून राहते. वर जाल तशी इंजिनाची ताकद घनतेबरोबर घटते, पण घटते ती 870 मधून. ढोबळ हिशेबाने 15000 फुटांवर घनता 63 टक्के, 870 चे 63 टक्के म्हणजे 548. प्रमाण तापमान असेल तर तिथपर्यंत वैमानिकाला त्याचे 550 जवळपास शाबूत मिळतात. 20000 ला मात्र 465 च्या आसपास.
दुसरी बाजू मागणीची. विरळ हवेत तेवढंच वजन तोलायला पात्यांचा कोन वाढवावा लागतो आणि हवा जास्त वेगाने खाली ढकलावी लागते. घनता 53 टक्के झाली की निव्वळ तोलून धरायला लागणारी ताकद साधारण 37 टक्क्यांनी वाढते. पुरवठा कमी, मागणी जास्त. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या हेलिकॉप्टरचा जागच्या जागी तरंगण्याचा माथा.
मी-17 ला ही रेषा खालीच गाठते. आजच्या सुधारित व्ही-5 चा तरंगण्याचा माथा नेहमीच्या वजनाला सुमारे 4000 मीटर, म्हणजे 13000 फूट. 1999 ची मी-17 जुन्या इंजिनांची होती, त्यांचा आकडा याहून खाली. वजन काढून, वारा बघून ती याच्या वर जातात, पण मग माल काय नेणार?
रिकाम्या लामाचं वजन 1021 किलो, बस्स. ही हलकी काया हेच त्याचं खरं शस्त्र. जाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने 21 जून 1972 ला लामा 12442 मीटरपर्यंत नेलं होतं, आणि उतरताना इंजिन विझल्यावर नुसत्या फिरत्या पंख्यावर खाली आणलं.

नारायणपेठी
मग चीता वरच्या चौकीवर नेतं तरी किती?

रॉकेल_आणि_बटाटे
सगळ्यात वरच्या पॅडवर, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर? 20-25 किलो. रॉकेलचा एक जेरीकॅन. 20 लिटर रॉकेल म्हणजे 16 किलो, वर डब्याचं वजन, झाला एका फेरीचा माल. सियाचीनच्या पुरवठ्याबद्दल लोक 'टन' ऐकतात आणि ट्रक डोळ्यांसमोर आणतात. शेवटच्या टप्प्यात तो डबा-डबा असतो.
साखळी अशी: मोठी मालवाहू विमानं लेह आणि थॉइसच्या हवाई तळांवर. तिथून ट्रक, मी-17 किंवा ध्रुव (एचएएलचंच हेलिकॉप्टर) सुमारे 12000 फुटांवरच्या बेस कॅम्पला आणि हिमनदीच्या खालच्या-मधल्या तळांना. शेवटचे टोकाचे पॅड चीताचे. एकच यंत्र खालपासून वरपर्यंत वापरायचा हट्ट धरलात तर एकतर खाली निम्मी ताकद वाया जाते, नाहीतर वर रिकाम्या हाताने जावं लागतं.
वजनाचा ताळा निघण्याआधीच मांडलेला असतो. रिकामं यंत्र, दोन वैमानिक हिवाळी कपडे-बूट-ऑक्सिजनसकट (180-190 किलो धरा), जाण्या-येण्याचं इंधन, राखीव इंधन. त्या दिवशीच्या दाब-तापमानाला तक्त्यात जे वजन निघेल त्यातून हे वजा करायचं. उरलं ते चौकीचं. इंधनाची घनता 0.8. अडीच लिटर कमी भरलं की दोन किलो बटाटे जास्त. कागदावर छान दिसतं. पण परतीला ढग उतरला आणि वळसा घ्यावा लागला तर तेच अडीच लिटर आठवतात. म्हणून राखीवाला हात लावायचा नाही. माल उतरवा, दारं काढा, मागचं आसन काढा, काहीही करा.

कोथरूडचा_शंकासुर
एक मिनिट. 2005 मध्ये फ्रेंच वैमानिकाने एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवलं होतं. 8848 मीटर! आणि तुम्ही 20000 फुटांना 20 किलो सांगताय?

पाती_मोजणारा
दिदिए देल्साल, 14 मे 2005, ए-स्टार बी3. टेकवलं, बरोबर. पण वैमानिक एकटा, यंत्रातून जास्तीचं सामान काढलेलं, माल शून्य, दिवस त्याने निवडलेला, आणि डोंगरावर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार. चारेक मिनिटं स्किड (चाकांऐवजी खाली असलेल्या आडव्या दांड्या) बर्फाला टेकवून धरले आणि निघाला. चौकीवरच्या जवानाला दिवस निवडता येत नाही. त्याचं रॉकेल संपलंय ते आज. विक्रम आणि पुरवठा यांत फरक असतो, शंकासुर. रोज तीच फेरी, तेच वजन, वारा असेल तसा.

कोथरूडचा_शंकासुर
मान्य. (पुण्यात हे दोनदा म्हणवत नाही, तेव्हा नोंद घ्यावी.)

कामशेत_वारा
वाऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून. कामशेतला पॅराग्लायडर का तरंगतो? वारा डोंगरावर आदळून वर चढतो म्हणून. त्याच डोंगराच्या पाठीमागे गेलात तर वारा खाली कोसळतो आणि गोल फिरतो. तिकडे हेच, फक्त सगळं पाचपट. दिवसा उतार तापले की वारा दरीतून वर, संध्याकाळी हिमनदीवरून थंड हवा खाली.
हेलिकॉप्टर दरीच्या मधून नेत नाहीत. एका कडेने नेतात, शक्यतो वारा चढतोय त्या बाजूने. दोन फायदे: वर उचलणारी हवा मिळते, आणि मागे वळायची वेळ आली तर वळायला अख्खी दरी मोकळी असते. मधोमध उडालात तर वळायला अर्धीच. धार ओलांडायची ती सरळ नाही, 45 अंशांत तिरकी. पलीकडे खाली खेचणारी हवा लागली तर थोडं वळून लगेच दरीत सुटता येतं. सरळ गेलात तर पूर्ण वळण घ्यावं लागतं, तेवढ्यात डोंगर येतो.

लोहगाव_धावपट्टी
वळणावरून आठवलं, नवख्यांचा घात इथेच होतो. 18000 फुटांवर वेगाच्या काट्यावर 60 नॉट दिसत असेल तर खरा वेग 79 च्या घरात. त्याच काट्याला, त्याच कलाला वळणाची त्रिज्या पावणेदोनपट होते. दरी तेवढीच आहे, वळण मात्र फुगलं. शिवाय उतरताना जमीन भराभर मागे पळताना दिसते, 'फार वेगात आलो' असं वाटून वैमानिक वेग कमी करतो. काट्यावरचा वेग आधीच कमी असतो. तो आणखी पडला की पंख्याला पुढच्या गतीतून मिळणारी फुकटची उचल संपते आणि सगळा भार इंजिनावर. इंजिनाकडे शिल्लक काहीच नाही. काट्यावर विश्वास ठेवायचा, डोळ्यांवर नाही.

नारायणपेठी
उतरण्याची पद्धत कोणी क्रमाने सांगेल का?

स्किड_आणि_बर्फ
सांगतो. पॅडच्या वरून आधी एक फेरी. वारा कुठून, पॅडवर कापडाची पट्टी किंवा धूर लावलाय का, बर्फ ताजा की दाबलेला, सुटकेची बाजू कोणती. सुटकेची बाजू म्हणजे जिथे नाक खाली टाकलं की उतार लगेच सुटतो आणि वेग मिळतो. ती ठरल्याशिवाय पुढे जायचं नाही.
मग ताकदीची तपासणी. चीतात कलेक्टिव्हचा (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) कोन दाखवणारा काटा असतो, त्याच्याबरोबर इंजिनाच्या धुराड्याचं तापमान. पॅडच्याच उंचीवर ठराविक वेगाने उडताना किती कोन लागतोय ते पाहायचं. त्यावरून तरंगायला किती लागेल हे कळतं. मर्यादा आणि गरज यांत फट उरली नसेल तर माल परत. उगाच 'बघू तर खरं' नाही.
उतार उथळ आणि संथ. तिथे चूक होते ती उंचावरून उभ्या रेषेत यायची. वेग जवळजवळ शून्य, खाली घसरण मिनिटाला 300 फुटांहून जास्त, इंजिन ताकद देतंय, पाठीमागून वारा. या चार गोष्टी जमल्या की पंखा स्वतःच ढकललेल्या हवेत अडकतो. कलेक्टिव्ह ओढाल तितकं जास्त वेगाने खाली जाल. उपाय एकच, पुढे किंवा बाजूला सुटायचं. त्यासाठी खाली जागा लागते, पॅडपासून 50 फुटांवर ती नसते.
शेवटचे दहा फूट ताज्या बर्फाचे. पंख्याच्या वाऱ्याने बर्फ उडतो आणि सगळं पांढरं. क्षितिज नाही, जमीन नाही. म्हणून पॅडच्या कडेला काहीतरी गडद ठेवतात, डबे, पॅराशूटचं रंगीत कापड, आणि वैमानिक नजर त्यावरच रोवतो. बर्फाचा ढग मागून पुढे येण्याआधी टेकायचं. पांढऱ्यात तरंगत थांबायचं नाही.

पाती_मोजणारा
पॅडबद्दल एक भर. जमिनीजवळ पंख्याखाली हवेची उशी तयार होते आणि थोड्या ताकदीत तरंगता येतं. ही उशी पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत जाणवते. चीताच्या पंख्याचा व्यास 11 मीटर. धारेवरचं पॅड त्याच्या निम्मंसुद्धा नसतं. मग पंख्याचा मोठा भाग दरीवर, आणि उशी दोन्ही बाजूंनी गळून जाते. तक्त्यात 'जमिनीलगत तरंगणं' म्हणून जो आकडा असतो तो सपाट मैदानाचा असतो. धारेवरच्या पॅडसाठी जमिनीपासून दूर तरंगण्याचाच आकडा धरावा.

स्किड_आणि_बर्फ
आणि पॅड स्वतः हलतं, हे विसरू नका. खाली हिमनदी आहे. पॅडखालचा दाबलेला बर्फ सावलीत टिकतो, भोवतालचा वितळतो, आणि पॅड चौथऱ्यासारखं वर राहतं, कधी एका बाजूला कलतं. लाकडी फळ्या, डबे, बर्फ भरून पुन्हा समतल करावं लागतं. कललेल्या पॅडवर एक स्किड आधी टेकतो, पंख्याचा जोर तसाच ठेवला तर यंत्र त्याच स्किडवर उलटायला निघतं. म्हणून वर इंजिन बंद करत नाहीत, पंखा फिरत असतानाच माल उतरतो. 2003 च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी होण्याआधी याला आणखी एक कारण होतं, पॅड समोरच्या तोफांना माहीत असत. मिनिटापेक्षा जास्त थांबणं परवडायचं नाही.

कोथरूडचा_शंकासुर
शेपटीच्या पंख्याचं कोणी बोललं नाही. तोही विरळ हवेतच असतो ना?

पाती_मोजणारा
असतोच, आणि पुष्कळदा तोच आधी हरतो. वर मुख्य पंख्याला जास्त ताकद दिली की धड उलट दिशेला वळू पाहतं, ते रोखायला शेपटीचा पंखा. तो विरळ हवेत दुबळा, आणि पेडल शेवटाला टेकतं. चीताचा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून ताकद वाढवली की नाक डावीकडे जातं आणि उजवं पेडल लागतं. उजवं पेडल संपलं आणि वारा बाजूचा असला तर नाक आपोआप फिरायला लागतं. तेव्हा कलेक्टिव्ह कमी करून पुढे वेग घ्यायचा. म्हणजे पुन्हा सुटकेची बाजू.
चिनूकला हा त्रास नाही. दोन मुख्य पंखे उलटसुलट फिरतात, शेपटीला ताकद द्यावी लागत नाही, सगळी उचलीला.

नारायणपेठी
माझा दुसरा प्रश्न अजून लोंबकळतोय. तोलोलिंग.

द्रास_नकाशा
क्रम नीट ठेवू. 21 मे 1999 ला टेहळणीच्या कॅनबेरा विमानावर क्षेपणास्त्र लागलं, ते एका इंजिनावर परतलं. 26 ला हवाई हल्ले सुरू, ऑपरेशन सफेद सागर. 27 ला एक मिग-27 आणि एक मिग-21 गमावलं. 28 ला चार मी-17 ची तुकडी तोलोलिंगवर रॉकेट हल्ल्याला, त्यातलं एक खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद, सार्जंट आर. के. साहू, चौघे गेले.
आता भूमिती. खांद्यावरची क्षेपणास्त्रं साधारण साडेतीन किलोमीटर उंचीपर्यंत आणि साडेचार-पाच किलोमीटर अंतरापर्यंत पोचतात. सपाट प्रदेशात डागणारा जमिनीवर असतो, त्यामुळे वर निसटायला वाव. इथे डागणारा 15000-16000 फुटांच्या माथ्यावर बसलेला. त्याच्या वर साडेतीन किलोमीटर म्हणजे 26000 फुटांच्या पुढे. मी-17 चा उडण्याचा कमाल माथाच 20000 च्या आत. म्हणजे वरून जाणं बाद. खालून दरीतून जावं तर तो वरून पाहतोय, आणि मागे बर्फाची थंड पार्श्वभूमी, त्यावर तापलेलं धुराडं उठून दिसणार.
त्यात 57 मिलिमीटरची रॉकेटं दिशाहीन. लक्ष्य दगड रचून केलेला पाच-सहा मीटरचा बंकर, तोही सुरीच्या पात्यासारख्या धारेवर. थोडं वर गेलं तर रॉकेट धार ओलांडून पलीकडच्या दरीत, थोडं खाली लागलं तर उतारावर. आणि लोहगाव यांनी वर सांगितलं तसं वळण फुगलेलं. रॉकेटं सोडून बाहेर पडेपर्यंत यंत्र मोठ्या, ओळखीच्या चापात उघडं.
म्हणून सशस्त्र मी-17 मागे घेतली. ती माघार भीतीची नव्हती, हिशेबाची होती. पुढे तोच भार मिराज-2000 नी आवाक्याबाहेरच्या उंचीवरून उचलला, टायगर हिलवर लेझरने दिशा दिलेला बॉम्ब 24 जूनला. आणि मी-17 पुन्हा आपल्या मूळ कामाला लागली, माल आणि जखमी.

कोथरूडचा_शंकासुर
पण रशियनांनी अफगाणिस्तानात नऊ वर्षं मी-24 ही हल्ल्याची हेलिकॉप्टरं डोंगरात चालवलीच की.

द्रास_नकाशा
चालवली, पण कुठून? काबूलचा तळ 5900 फूट, बग्राम त्याहून खाली. तिथेही भरलेलं मी-24 उभं उचलेना, म्हणून धावपट्टीवर विमानासारखी धाव घेऊन सोडायचे. आणि 1986 च्या सप्टेंबरात जलालाबादजवळ स्टिंगर (खांद्यावरून डागायचं अमेरिकी क्षेपणास्त्र) आल्यावर त्यांनाही पद्धत बदलावी लागली: धुराड्याला थंड हवा मिसळणारे पेटारे, फ्लेअर (क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे), रात्रीचं उडणं. कारगिलची दरीच बग्रामच्या जवळपास दुप्पट उंचीवर सुरू होते. आपली मी-25 आणि मी-35 (मी-24 चीच भावंडं) त्या माथ्यांवर नेलीच नाहीत, त्याचं कारण हेच.
प्रचंड या एचएएलच्या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरचा जन्म या अनुभवातला. दोन शक्ती इंजिनं, वजन 5800 किलोपर्यंत, वैमानिक एकामागे एक म्हणून धड अरुंद, 20 मिलिमीटरची तोफ वैमानिकाच्या टोपाबरोबर वळते. 2015 मध्ये सियाचीनवर उतरून दाखवलं, 2022 च्या ऑक्टोबरात जोधपूरला हवाई दलात दाखल झालं.

स्पॅनर_उणे_30
उडणाऱ्यांचं झालं, आता जमिनीवरच्यांचं. रात्री बॅटरी काढून उबदार खोलीत न्यायची, सकाळी बसवायची. उणे 30 ला बॅटरी निम्मा जोरही देत नाही आणि इंजिन सुरू करताना फिरवणीचा वेग कमी पडला की इंधन पेटतं पण हवा पुरत नाही, तापमान क्षणात मर्यादेबाहेर. असं सुरू झालेलं इंजिन उघडून बघावंच लागतं. गिअरबॉक्सचं तेल घट्ट, ते गरम हवा सोडून आधी सैल करायचं. रबरी ओ-रिंग आकसतात, थंड असताना गळतात आणि गरम झाल्यावर गळती थांबते, त्यामुळे दोष शोधणारा चक्रावतो. पात्यांवर रात्रीचा बर्फ राहिला तर काढताना खरवडायचं नाही, कव्हर घालूनच ठेवायचं. एका पात्यावर पाव किलो बर्फ जास्त राहिला तरी थरथर जाणवते.
हातमोजे काढून नट बसवायला वेळ मिळतो तो मिनिटांत मोजायचा. धातूला उघडं बोट चिकटतं. 2018 मध्ये लष्कराचं एक ध्रुव जानेवारीपासून सुमारे 18000 फुटांवर बर्फात अडकलं होतं. सुटे भाग वर नेऊन जागेवरच दुरुस्त केलं आणि जुलैत उडवून बेस कॅम्पला आणलं. यातला कठीण भाग दुरुस्ती नव्हे, सुटे भाग आणि माणसं वर नेणं. परत तोच जेरीकॅनचा हिशेब.

नारायणपेठी
आणि जखमी किंवा आजारी माणूस? त्याचं वजन 70 किलो. तुमच्या हिशेबाने वरून उचलताच येणार नाही.

रॉकेल_आणि_बटाटे
येतो. वर जाताना जो माल टाकला आणि जे इंधन जळलं, त्याने जागा झालेली असते. पॅडवरून सुटताना तरंगत बसावं लागत नाही, नाक थेट दरीत, उतारच वेग देतो. म्हणून वर नेण्यापेक्षा खाली आणणं सोपं. तेवढ्यानेही भागत नसेल तर सहवैमानिक खालच्या पॅडवर उतरतो आणि मुख्य वैमानिक एकटाच वर जातो. फुप्फुसात पाणी भरलेल्या माणसाला ऑक्सिजन लावून हजार मीटर खाली आणलं की श्वास बदलतो, औषध तेच.
चीता दोघं-दोघं निघतात ते यासाठीच. एकाच इंजिनाचं यंत्र, खाली भेगाळलेला बर्फ. विरळ हवेत इंजिन विझलं तर पंख्याचे फेरे पटकन चढतात, खाली येण्याचा वेग जास्त आणि टेकण्याआधी नाक वर करून घेतलेला शेवटचा झोल कमी उचल देतो. जोडीदार वरून जागा पाहून ठेवतो, आणि माणसं तोच उचलतो.

स्पॅनर_उणे_30
जोडीदाराने उचलायचं असेल तर त्याच्याकडे तेवढं वजन शिल्लक हवं. म्हणून दोन्ही चीतांमध्ये माल वाटताना दुसऱ्यात मुद्दाम कमी भरतात. चौकीवरून कोणी विचारतो, 'दुसरा अर्धा रिकामा का आला?' तर त्याचं उत्तर हे.